श्वसन संक्रामणे, बालकांतील ऋतुमानीय
श्वसन संक्रामणे, बालकांतील ऋतुमानीय : नाक, घसा, श्वासनाल, श्वासनलिका व फुप्फुसे यांना व्हायरसांमुळे होणारे आणि वर्षाच्या ठराविक काळी वाढणारे लहान मुलांतील रोग. पडसे, घसादुखी, इन्फ्ल्यूएंझा, सूक्ष्म श्वासनलिकांचा शोथ (दाहयुक्त सूज) व फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) यांचा त्यांत समावेश होतो. हे रोग वर्षाच्या कोणत्या महिन्यांत बळावतात, हे स्थानिक हवामानानुसार बदलते. समशीतोष्ण देशांत ते हिवाळ्यात वाढतात. महाराष्ट्रात त्यांपैकी अनेकांचा जोर पावसाळ्यात व त्यानंतरच्या आठवड्यांत दिसतो.

या दृष्टीने कोल्हापूर परिसर लक्षणीय आहे. पंचगंगेकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर वसलेल्या या शहराची थंडी बेताची असते. जिल्ह्याच्या पश्चिम कडेवरील गगनबावड्यास वर्षाकाठी ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील शिरोळ भागात तो त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकाच असतो. मात्र दोन्हीकडील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळातच पडतो. घरे बंद राहणे, ओलसर हवा, चुलीचा कोंडलेला धूर व एका खोलीत अनेकांचा वावर ही स्थिती लहान मुलांच्या वाट्यास याच महिन्यांत येते.

इतिहास : ऋतू व विकार यांचा संबंध प्राचीन आहे. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत वर्षा ऋतूत वाताचा व वसंतात कफाचा प्रकोप मानला असून *काश्यपसंहिते*त बालरोगांचा स्वतंत्र विचार केला आहे. आधुनिक काळात रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९२ मध्ये एका सूक्ष्मजंतूस इन्फ्ल्यूएंझाचे कारण ठरविले व ही चुकीची समजूत दीर्घकाळ टिकली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत आलेल्या साथीची दुसरी व अधिक घातक लाट सप्टेंबरपासून दख्खनभर पसरली. त्या वर्षी मोसमी पावसाने दगा दिल्यामुळे धान्याची टंचाई होती. मुंबई इलाख्यात या साथीत सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले. तरुण स्त्री-पुरुषांत मृत्यू विशेष झाल्याने अनेक तान्ही मुले निराधार झाली. खरा कारक व्हायरस १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्रूझ व पॅट्रिक लेडलॉ यांनी इंग्लंडमध्ये वेगळा केला.

बालकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा शोध नंतर लागला. १९५६ मध्ये अमेरिकेत पडसे झालेल्या चिंपँझींत एक नवा व्हायरस आढळला. लगेचच रॉबर्ट चॅनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांना तोच आजारी अर्भकांत सापडला. ऊतकसंवर्धनात तो पेशींचे एकत्र सांधलेले पुंजके बनवितो, म्हणून त्यास ‘रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस’ (आर्‌एस्‌व्ही) हे नाव मिळाले. दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलास त्याचा संसर्ग होतो. बहुतेकांत तो पडशावर भागतो. परंतु काही महिन्यांच्या अर्भकाच्या अरुंद श्वासनलिका स्रावाने व सुजेने सहज बंद होत असल्याने त्याला धाप लागते, पोट उडू लागते व दूध ओढता येत नाही. २०१९ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे १ लाख मुलांचे मृत्यू या व्हायरसामुळे झाल्याचा अंदाज असून त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते.

भारतातील अभ्यास : पुणे येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या व्हायरस संशोधन केंद्रास १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू संस्था हे नाव मिळाले. या संस्थेच्या पुढाकाराने निरनिराळ्या शहरांत झालेल्या पाहणीवरून श्रीनगरला इन्फ्ल्यूएंझाचा जोर हिवाळ्यात, तर देशाच्या बहुतेक भागांत तो पावसाळ्यात असतो, हे स्पष्ट झाले. आर्‌एस्‌व्हीचा काळ उत्तर भारतात मुख्यतः हिवाळा आहे. पश्चिमेकडे व दक्षिणेकडे त्याचा पावसाशी संबंध दिसतो. ऱ्हायनोव्हायरस मात्र वर्षभर आढळतात. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या निर्बंधांमुळे शाळा व प्रवास बंद झाले, तेव्हा अनेक देशांत हे ऋतुचक्र खंडित झाले व निर्बंध उठल्यावर आर्‌एस्‌व्हीच्या साथी अवेळी आल्या. ऋतुमान केवळ हवेवर अवलंबून नसून माणसांच्या संपर्कावरही असते, याचे हे प्रत्यंतर होय.

उपचार व प्रतिबंध : प्रतिजैविकांचा व्हायरसांवर परिणाम होत नाही. तथापि बालकांतील फुप्फुसशोथ अनेकदा सूक्ष्मजंतूंमुळेही होतो व तेथे ती जीव वाचवितात. म्हणून रोगी बालक वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी गावातील कार्यकर्त्यांना श्वासांची गती मोजण्यास व औषध देण्यास शिकविले. त्यामुळे फुप्फुसशोथाने होणारे बालमृत्यू घटल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. मिनिटाला दोन महिन्यांखालील अर्भकात ६०, एक वर्षापर्यंत ५० व पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण मानतात.

आर्‌एस्‌व्हीवरील पहिली लस १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत अपयशी ठरली. लस दिलेल्या मुलांत पुढील संसर्ग अधिक तीव्र झाला व दोन मुले दगावली. अर्भकांसाठी दीर्घकाळ टिकणारे प्रतिपिंड व गर्भवतींसाठी लस यांना २०२२-२३ मध्ये पाश्चात्त्य देशांत मान्यता मिळाली.

ऋतुमानाचे ज्ञान येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते. ऑक्टोबरमध्ये इन्फ्ल्यूएंझाची लस देण्याची युरोपातील प्रथा कोल्हापूरसारख्या प्रदेशात जशीच्या तशी चालत नाही. लशीचा प्रभाव काही महिन्यांत ओसरत असल्याने ती पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये, देणे इष्ट ठरते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत या भागातील हजारो कुटुंबांना निवारा केंद्रांत राहावे लागले. पूर व श्वसन संक्रामणे यांचे महिने एकच असल्याने अशा केंद्रांत तान्ह्या मुलांसाठी मोकळी हवा, स्तनपानास आडोसा, खोकणाऱ्यांपासून अंतर व श्वास मोजणारा प्रशिक्षित कार्यकर्ता यांची सोय आधीच करून ठेवणे आवश्यक असते.