उसन्या कसोट्या

आंबा, पेरू, जांभूळ, सीताफळ. झाड कुठलंही असो, त्याच्या पानांच्या अर्कावरचा एखादा प्रबंध उघडून पाहा. पद्धतीचं प्रकरण बहुधा एकसारखंच निघतं. पानं धुऊन सावलीत वाळवली, भुकटी केली, सॉक्सलेटमध्ये मिथेनॉल घालून अर्क काढला. फोलिनच्या अभिकर्मकाने त्यातली फिनॉल-संयुगं मोजली. मग जांभळ्या डीपीपीएचच्या द्रावणात अर्क टाकला, अर्धा तास अंधारात ठेवला आणि ५१७ नॅनोमीटरवर रीडिंग घेतलं. जांभळा रंग जितका उतरला, तितका अर्क अँटिऑक्सिडंट म्हणून दमदार. वनस्पतिशास्त्राच्या किंवा फार्मसीच्या विद्यार्थ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. पण यातलं एकही साधन झाडाच्या पानासाठी जन्माला आलेलं नाही.

सॉक्सलेटचं काचेचं यंत्र मुळात दुधाचं. फ्रान्झ फोन सॉक्सलेट या शेतकी रसायनशास्त्रज्ञाने ते १८७९ साली मांडलं, ते दुधातला स्निग्धांश मोजण्यासाठी. खाली द्रावक उकळतो, वर थंड होऊन नमुन्यावर ठिबकतो, भांडं भरलं की आपोआप खाली ओघळतो आणि पुन्हा उकळतो. थोड्या द्रावकात भरपूर काढून घ्यायची ही युक्ती इतकी सोयीची ठरली की दूध मागे पडलं आणि यंत्र सगळ्यांचं झालं.

फोलिनचा अभिकर्मक प्रथिनांकडून आला. ओटो फोलिन आणि व्हिन्टिला चोकाल्तेउ यांनी १९२७ साली तो सुधारून मांडला, तेव्हा त्यांना प्रथिनांमधलं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजायचं होतं. टायरोसिनच्या रेणूत फिनॉलचं कडं असतं, ते या पिवळ्या द्रावणाला निळं करतं. पुढे १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात सिंगलटन आणि रॉसी यांनी तोच निळा रंग वाइनमधल्या फिनॉलांसाठी वापरला, गॅलिक आम्लाचं माप ठरवून दिलं, आणि वाइनवरून तो पानांवर आला. खोड एकच: हा अभिकर्मक फक्त फिनॉललाच ओळखतो असं नाही. क जीवनसत्त्वानेही तो निळा होतो.

खरी लांबलचक वंशावळ आहे ती जांभळ्या द्रावणाची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञांची ठाम समजूत होती की कार्बनला चार हात असतात आणि एकही हात मोकळा राहू शकत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवणारा मोझेस गोम्बर्ग १९०० साली सहा फिनिल-गट लावलेलं इथेन बनवायला बसला. हाती आलं ते भलतंच: हवेतल्या ऑक्सिजनशी आणि आयोडिनशी तडकाफडकी जुळणारं काहीतरी. त्याने धाडसाने म्हटलं, हा तीन हातांचा कार्बन आहे. सुटा, बिनजोडीचा इलेक्ट्रॉन बाळगणारा मुक्त मूलक रसायनशास्त्रात आला तो असा. हे संशोधन आपणच पुढे नेणार असून हे क्षेत्र आपल्यासाठी राखून ठेवत आहोत, असं त्याने लेखाच्या शेवटी लिहूनही टाकलं. अर्थात कुणी ऐकलं नाही.

कार्बनचं जमलं, मग नायट्रोजनचं का नाही? जर्मनीत श्टेफान गोल्डश्मिट आणि रेन यांनी १९२२ साली एक हायड्राझिन घेतलं, लेड डायऑक्साइडने त्याचा एक हायड्रोजन काढून घेतला आणि त्यांना गडद जांभळा पदार्थ मिळाला. तोच डीपीपीएच. एरवी मुक्त मूलक क्षणभर टिकतो. हा मात्र बाटलीत निवांत राहतो. सुटा इलेक्ट्रॉन एका जागी न थांबता आजूबाजूच्या कड्यांवर पसरतो, नायट्रो-गट त्याला आपल्याकडे ओढून धरतात, आणि भोवतीच्या अवजड गटांमुळे दोन रेणूंना एकमेकांना चिकटायला वाव मिळत नाही. गोल्डश्मिट आणि रेन यांच्या डोक्यात औषध नव्हतं, आहार नव्हता, पान तर नव्हतंच. त्यांना नायट्रोजनचे दोनच हात गुंतलेले असू शकतात का, एवढं पाहायचं होतं.

या पदार्थाला हरवलेला हायड्रोजन कुणी परत दिला की जांभळा रंग जाऊन फिकट पिवळा येतो. मार्सडेन ब्लॉइसने हे हेरलं. १९५८ साली ‘नेचर’मध्ये त्याने दोन पानांचं टिपण छापलं: रंग किती उतरला हे मोजा, म्हणजे पदार्थात हायड्रोजन द्यायची ताकद किती हे कळेल. त्याने प्रमाण म्हणून घेतलं सिस्टीन, म्हणजे एक अमिनो आम्ल. पुढे १९९५ मध्ये ब्रँड-विल्यम्स, क्युव्हलिए आणि बर्से यांनी फ्रान्समध्ये ही पद्धत खाद्यपदार्थांतल्या अँटिऑक्सिडंटसाठी नीट घासूनपुसून दिली, आणि मग जगभर पानं वाळत पडली. आंब्याच्या पानातलं मँगिफेरिन, पेरूच्या पानातली क्वेर्सेटिनची संयुगं, सगळ्यांनी जांभळ्याचं पिवळं करून दाखवलं.

स्वस्त, झटपट आणि डोळ्यांना दिसणारी ही चाचणी लोकप्रिय व्हावी यात नवल नाही. पण तिच्या आधारावर पेरूचा पाला रोगनाशक ठरवणाऱ्या निष्कर्षांचं मला नेहमीच आश्चर्य वाटतं. डीपीपीएच आपल्या शरीरात नसतो. तो पाण्यात विरघळत नाही, त्याला अल्कोहोल लागतं. पानातलं हरितद्रव्य स्वतःच्या रंगाने मोजणीत ढवळाढवळ करू शकतं. आणि अर्ध्या तासाचा नियमही सोयीचा आहे: क जीवनसत्त्व काही क्षणांत काम उरकतं, तर काही संयुगांना तास लागतात, हे त्या फ्रेंच लेखातच दाखवलेलं आहे. तोंड आलं की पेरूची कोवळी पानं चघळायला सांगणाऱ्या आजीने मिथेनॉल वापरलं नव्हतं, आणि मिथेनॉल तर विषच.

अँटिऑक्सिडंटचा आकडा मोठा म्हणून औषधी गुण मोठा, ही उडी अमेरिकेच्या कृषी खात्यालाही नकोशी झाली. ओरॅक या अशाच दुसऱ्या चाचणीचे खाद्यपदार्थांचे आकडे त्याने प्रसिद्ध केले होते. ते जाहिरातींत भलत्या अर्थाने मिरवू लागले, तेव्हा २०१२ मध्ये खात्याने ती यादीच काढून घेतली.

जपानमध्ये मात्र पेरूच्या पानांच्या चहाला २००० साली सरकारमान्य आरोग्यदायी अन्नाचा शिक्का मिळाला. त्यावरचा दावा अँटिऑक्सिडंटचा नाही. पानातली पॉलिफिनॉलं पिष्ट पचवणाऱ्या विकरांना आवर घालतात आणि जेवणानंतर रक्तातली साखर हळू चढते, एवढाच आहे. आणि तो पडताळला तो क्युव्हेटमधल्या रंगावर नाही, जेवलेल्या माणसांच्या रक्तावर.