पंचमहालातला मका आणि दारचा कुत्रा

आमच्या बडोद्याच्या घरात शेवटची पोळी कुत्र्याची, हा आजीचा नियम. पण डब्यात बुरशी धरलेली भाकरी सापडली की तीही त्याच्याच पुढे जायची. "त्याला काय होतंय?" असं सगळेच म्हणायचे. तेव्हाच शेजारच्या जिल्ह्यात काय घडलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पंचमहाल, एके काळचा शिंद्यांचा मुलूख, आणि तेव्हा त्याला लागून असलेला राजस्थानचा बांसवाडा. १९७४ च्या पावसाळ्यानंतर तिथला मका अवकाळी पावसात भिजला, ओलसरच साठवला गेला आणि त्याला बुरशी लागली. आदिवासी घरांत दुसरं धान्य नव्हतं. तोच मका घरच्यांनी खाल्ला, त्यातलाच तुकडा कुत्र्याला मिळाला. आधी कुत्र्यांना कावीळ झाली, पोटं पाण्यानं फुगली, कुत्री मेली. मग तेच माणसांना झालं. अनेक गावं, ३९७ आजारी, १०६ मृत्यू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनी कारण शोधलं: अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीनं तयार केलेलं, यकृत नासवणारं विष.

बुरशी खरवडून किंवा भाकरी पुन्हा शेकून हे विष जात नाही. ताजी पोळी जरूर घाला, पुण्यच आहे. बुरशीचं मात्र कचऱ्यात टाका, कुत्र्याच्या तोंडी पडणार नाही असं.

तुमच्याकडे कुणाला ते वर्ष आठवतं का? जरूर लिहा.