समुद्राखालची दुसरी वाट

२६ सप्टेंबर २०२२. बाल्टिक समुद्रातील बोर्नहोल्म या डॅनिश बेटाजवळ समुद्रतळाशी स्फोट झाले. रशियाचा नैसर्गिक वायू थेट जर्मनीत नेणाऱ्या 'नॉर्ड स्ट्रीम' वाहिन्या फुटल्या आणि पाण्यावर बुडबुड्यांची प्रचंड वर्तुळे उसळू लागली. दुसऱ्याच दिवशी पोलंडमधील गोलेन्यूव येथे पोलंड व डेन्मार्कचे पंतप्रधान एक झडप उघडत होते. ती होती नॉर्वेचा वायू डेन्मार्कमार्गे पोलंडला आणणाऱ्या 'बाल्टिक पाइप' या वाहिनीची.

स्फोट कोणी घडवले हा स्वतंत्र विषय आहे. येथे पाहायचे आहे ते दुसऱ्या वाहिनीकडे. कारण हीच वाहिनी वीस वर्षांपूर्वी कागदावर तयार होती, आणि पोलंडनेच ती रद्द केली होती.

मुळात तेल आणि वायू यांच्या व्यापारात मोठा फरक आहे. तेल जहाजात भरून कोठेही नेता येते. एका विक्रेत्याने नकार दिला तर दुसरा गाठता येतो. वाहिनीतून येणारा वायू मात्र विक्रेता आणि ग्राहक यांना दशकानुदशके एकमेकांशी बांधून टाकतो. ग्राहकाकडे दुसरी वाहिनी नसेल तर हे बंधन बरोबरीचे राहत नाही.

पोलंडची स्थिती नेमकी अशी होती. सोव्हिएत काळापासून त्याच्या सर्व मोठ्या वाहिन्या पूर्वेकडून येत. साम्यवादी राजवट १९८९ मध्ये गेली, पण जमिनीखालचे पोलाद जागेवरून हलले नाही. उलट १९९६ मध्ये रशियाच्या गाझप्रॉम कंपनीशी दीर्घ मुदतीचा 'यमाल करार' झाला. त्याची मुदत होती २०२२ अखेरपर्यंत, आणि त्यात एक कडक अट होती: ठरलेला वायू उचला अथवा न उचला, पैसे भरावे लागतील.

येझी बुझेक यांच्या सरकारने यावर उपाय शोधला. २००१ मध्ये डेन्मार्क आणि नॉर्वे या दोन्ही देशांतील कंपन्यांशी करार झाले. नॉर्वेकडून १६ वर्षांत ७४ अब्ज घनमीटर वायू घ्यायचा ठरला. या आखणीमागे असलेल्या मोजक्या माणसांत प्योत्र नाइम्स्की हे नाव होते. साम्यवादी काळातील विरोधी चळवळीत घडलेला हा माणूस या कथेत पुन्हा येईल.

कराराची शाई वाळते न वाळते तोच निवडणूक झाली आणि सरकार बदलले. लेशेक मिलर यांच्या नव्या सरकारने हिशेब मांडला. नॉर्वेचा वायू रशियापेक्षा महाग. वाहिनीचा खर्च भरून निघण्यासाठी वर्षाला सुमारे ८ अब्ज घनमीटर वायू खपायला हवा, तर पोलंड घेणार फक्त ५ अब्ज. उरलेल्यासाठी ग्राहक मिळेनात. शिवाय यमाल कराराचे बंधन होतेच. डिसेंबर २००३ मध्ये नॉर्वेशी झालेला करार संपुष्टात आणला गेला.

या निर्णयाला आज सरसकट मूर्खपणा म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्या हिशेबातील आकडे खोटे नव्हते. रशियाचा वायू येत होता आणि तो स्वस्त पडत होता. पुरवठा थांबला तर काय, हा रकाना मात्र त्या हिशेबात नव्हता.

तो रकाना भरायला तीन महिनेही लागले नाहीत. १८ फेब्रुवारी २००४ रोजी बेलारूसशी दराचा वाद विकोपाला गेला आणि गाझप्रॉमने त्या देशातून जाणारा प्रवाहच बंद केला. वाहिनी बेलारूसमधून पुढे पोलंडकडे जात असल्याने भांडणाशी काडीचा संबंध नसलेल्या पोलंडलाही झळ बसली. पुरवठा एखाद्या दिवसातच पूर्ववत झाला, तरी धडा मिळायचा तो मिळाला.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००५ मध्ये, पुतिन आणि जर्मनीचे चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांच्या साक्षीने नॉर्ड स्ट्रीमचा करार झाला. ही वाहिनी पोलंडला पूर्ण वगळून समुद्राखालून जाणार होती. म्हणजे जर्मनीचा पुरवठा अबाधित ठेवून पोलंडचा तेवढा तोडणे शक्य होणार होते. २००६ मध्ये पोलंडचे संरक्षणमंत्री राडेक सिकोर्स्की यांनी या व्यवहाराची तुलना थेट १९३९ च्या मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप कराराशी केली. बर्लिनला हे अतिरंजित वाटले. ज्या कराराच्या गुप्त कलमांनी आपल्या देशाची वाटणी झाली, तो करार पोलंडमध्ये कोणाला आठवून द्यावा लागत नाही.

२००६ आणि २००९ च्या जानेवारीत युक्रेनचा पुरवठा तोडला गेला. दुसऱ्या वेळी ऐन थंडीत बल्गेरिया, स्लोव्हाकियापर्यंत हाहाकार उडाला. पोलंडने आधी श्विनोउश्चे बंदरात द्रवरूप वायू उतरवण्याचे टर्मिनल बांधले. २०१६ पासून तेथे व्यापारी जहाजे येऊ लागली. नंतर जुन्या वाहिनीची फाइल पुन्हा उघडली. ती उघडणारा अधिकारी होता प्योत्र नाइम्स्की. २०१५ पासून मोक्याच्या ऊर्जा प्रकल्पांची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

या वेळी आखणी उलट्या दिशेने झाली. यमाल करार ३१ डिसेंबर २०२२ रोजी संपणार, म्हणून नवा वायू १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालाच पाहिजे. तारीख आधी ठरली आणि तिच्यामागे सारी कामे ओढली गेली. वाहिनीची क्षमता ठरली वर्षाला १० अब्ज घनमीटर, म्हणजे पोलंडच्या २०२१ मधील वापराच्या जवळपास निम्मी. मागच्या खेपेला ग्राहकांअभावी घोडे अडले होते, म्हणून जानेवारी २०१८ मध्ये पोलंडच्या सरकारी कंपनीने बहुतांश क्षमता १५ वर्षांसाठी आधीच आरक्षित केली.

अडचणी आल्याच, पण अनपेक्षित ठिकाणांहून. बोर्नहोल्मच्या दक्षिणेकडील सागरी सीमेचा पोलंड-डेन्मार्क वाद चाळीस वर्षे भिजत पडला होता. वाहिनी नेमकी त्याच पट्ट्यातून न्यायची असल्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये तो मिटवावा लागला. मे २०२१ मध्ये तर डेन्मार्कच्या अपील मंडळाने पर्यावरण परवानाच रद्द केला. कारण? वटवाघळे आणि उंदरांसारख्या काही चिमुकल्या संरक्षित प्राण्यांच्या अधिवासाचा पुरेसा विचार झाला नव्हता. गाझप्रॉमला टक्कर देऊ निघालेला प्रकल्प मुठीएवढ्या प्राण्यांपाशी थबकला. नवा परवाना येईपर्यंत २०२२ चा मार्च उजाडला.

तोवर युक्रेनवर आक्रमण झाले होते. रूबलमध्ये पैसे देण्यास नकार दिल्यामुळे २७ एप्रिल २०२२ रोजी गाझप्रॉमने पोलंडचा पुरवठा तोडला. करार संपायला अजून आठ महिने होते. पण वायूचे साठे बरेच भरलेले होते, टर्मिनल चालू होते आणि नवी वाहिनी पूर्णत्वाला येत होती. अंधार झाला नाही. वायू मात्र महागला, आणि ती किंमत पोलंडने मोजली.

१ ऑक्टोबरला वायू वाहू लागला आणि नोव्हेंबरअखेर वाहिनी पूर्ण क्षमतेला पोहोचली. नाइम्स्की तेव्हा त्या पदावर नव्हते. उद्घाटनाच्या दोन महिने आधी, जुलैमध्ये, त्यांना दूर करण्यात आले होते.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी आणखी एक सही झाली. दरवर्षी २.४ अब्ज घनमीटर वायू दहा वर्षे देण्याचा करार नॉर्वेच्या 'इक्विनॉर' कंपनीने पोलंडशी केला. २०१८ पर्यंत या कंपनीचे नाव होते 'स्टॅटऑइल'. २००१ च्या करारावर नॉर्वेच्या बाजूने सही करणाऱ्यांत हीच कंपनी होती.