कै. मास्टर दीनानाथ : एक पिता

समाजाच्या ह्या वार्षिक स्मरणिकेत कर्तृत्ववान पूर्वजांचे स्मरण करण्याची आपली प्रथा आहे. ह्या खेपेस गोमंतकातील मंगेशी गावच्या मास्टर दीनानाथ मंगेशकर ह्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. नट आणि गवई म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पिता म्हणून त्यांनी मागे काय ठेवले, ह्याचा विचार त्या मानाने थोडा झाला.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा. वडील गणेशभट हर्डीकर हे मंगेशाच्या देवळात अभिषेक करीत; मातुःश्री येसूबाई देवळाच्या सेवेतील कलावंत घराण्यातल्या. मुलाने आडनाव घेतले ते गावावरून. गळा आईकडून यावा आणि नाव गावावरून पडावे, ही गोष्ट आपल्या वाचकांस नवी नाही. तिचा अधिक विस्तार करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

बालवयात ते किर्लोस्कर मंडळीत गेले. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे ह्यांच्यासह त्यांनी 'बळवंत संगीत मंडळी' काढली. गडकऱ्यांचे 'भावबंधन' नाटककाराच्या निधनानंतर, १९१९ मध्ये, ह्याच मंडळीने रंगभूमीवर आणले. दीनानाथ त्यात लतिका होत. पुढे वीर वामनराव जोशांचे 'रणदुंदुभि', सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' आणि 'मानापमाना'तील धैर्यधर ह्यांनी त्यांचे नाव गाजले. त्यांच्या तानेत विजेची चपळाई होती. तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांवरून तिची कल्पना येते. पण रात्रभर चालणारे नाटक तबकडीत कसे मावावे?

१९३२ साली मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. बळवंत मंडळीनेही सांगलीस 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढून पाहिला. तो अंगाशी आला आणि मंडळी बसली. पडदे, पेट्या, माणसांचा मोठा गोतावळा ह्यांतले काही राहिले नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास दीनानाथ निवर्तले, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. थोरली लता बारा वर्षांची, तर धाकटा हृदयनाथ पाच वर्षांचाही नव्हता.

त्या घरात उरली होती ती तालीम. तिची एक हकीकत लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितली. वडील शिष्यास रियाज करावयास सांगून बाहेर गेले. चार-पाच वर्षांची मुलगी बाहेर खेळत होती; शिष्य चुकतो हे ऐकून ती आत गेली व त्यास बरोबर स्वर दाखवू लागली. दीनानाथ परत येऊन मागे उभे होते. घरात गवई असता आपण बाहेरच्यांस शिकवीत बसलो, असे ते माईंना म्हणाले, आणि दुसऱ्याच पहाटे तंबोरा घेऊन मुलीस पूरियाधनाश्री सांगू लागले. आमच्या मते पितृत्वाची ह्याहून मोठी कसोटी नाही. मुलींचे गाणे ज्या काळी चांगल्या घरांत लपविले जाई, त्या काळी ह्या पित्याने ते पहाटे उठून शिकविले.

वडील गेले त्याच वर्षी लताबाईंनी 'पहिली मंगळागौर' ह्या चित्रपटात काम केले. चेहऱ्याला रंग लावणे त्यांस मुळीच रुचत नव्हते, परंतु घर चालवावयाचे होते. मीना, आशा, उषा, हृदयनाथ ही पाठची भावंडेही गाण्यातच वाढली. पाचही जणांनी गाणे किंवा संगीत देणे हाच व्यवसाय केला. पुढे पुण्यात २००१ साली रुग्णालय उभे राहिले, त्यालाही वडिलांचेच नाव देण्यात आले. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या. जन्मतः त्यांचे नाव हेमा होते. 'भावबंधना'तल्या वडिलांच्या लतिकेवरून त्या लता झाल्या.