काहुइता : प्रवाळाच्या कुशीतील पिवळ्या विटा

१/ कोस्टा रिकाच्या दक्षिण कॅरिबियन किनाऱ्यावरील काहुइता राष्ट्रीय उद्यानात, उथळ समुद्राच्या तळाशी दोन जहाजांचे अवशेष विसावले आहेत. ती चाच्यांची जहाजे असावीत, असाच तेथील समज होता. २०२५ मध्ये काही पिवळ्या विटांनी तो समज खोटा ठरवला. त्या विटांची आणि त्यांना जपणाऱ्या किनाऱ्याची ही कथा.

२/ मिस्किटो भाषेत ‘कावे’ म्हणजे रक्तासारखा लाल चीक गळणारे एक झाड आणि ‘ता’ म्हणजे भूशिराचे टोक. त्यावरून ‘काहुइता’. उद्यानाची जमीन जेमतेम हजार हेक्टर. संरक्षित समुद्र मात्र त्याच्या सुमारे वीसपट.

३/ वाळूला लागूनच दलदलीचे अरण्य सुरू होते. तेथे हाउलर माकडांची गर्जना दूरवर ऐकू येते, पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडे फांद्यांवरून झेपावतात आणि स्लॉथ तासन्‌तास निश्चल लोंबकळत असतो. भूशिराभोवती कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील सर्वांत महत्त्वाची प्रवाळभित्ती पसरली आहे.

४/ माणसाला येथे प्रथम खेचून आणले ते कासवांनी. पनामातील बोकास देल तोरो येथून कासवांच्या हंगामात शिकारी येत आणि हंगाम सरला की परतत. त्यांपैकी विल्यम स्मिथ हा आफ्रिकी वंशाचा शिकारी १८२८ मध्ये कुटुंबासह येथेच स्थायिक झाला. गावाचा इतिहास त्याच्यापासून सांगण्याची प्रथा पडली.

५/ पुढे आणखी कुटुंबे आली. नारळ व कोकोच्या बागा उभ्या राहिल्या. १९७० मध्ये शासनाने प्रवाळ आणि किनारा संरक्षित घोषित केला. १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हेतू उदात्त होता. पण ज्यांच्या बागा हद्दीत आल्या आणि ज्यांच्या मासेमारीवर निर्बंध पडले, त्यांच्या मनात सल राहिला.

६/ शिवाय कुंपणाने समुद्र राखता येत नाही. जंगलतोडीमुळे सुटलेली माती नद्यांतून वाहत येऊन प्रवाळावर साचत होती. २२ एप्रिल १९९१ रोजी प्रचंड भूकंप झाला. किनाऱ्याची जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळाचा काही भाग उघडा पडून मृत झाला.

७/ १९९४ मध्ये शासनाने राष्ट्रीय उद्यानांचे परदेशी पर्यटकांसाठीचे प्रवेशशुल्क एकदम १५ डॉलर केले. गावाचे पोट आता पर्यटनावर होते. गावकऱ्यांनी गावालगतचे प्रवेशद्वार ताब्यात घेतले आणि पर्यटकांना ऐच्छिक देणगीवर आत सोडण्यास प्रारंभ केला.

८/ संघर्षाची अखेर वाटाघाटीत झाली. गावाचे आणि शासनाचे प्रतिनिधी असलेली संयुक्त समिती उद्यानाचा कारभार पाहू लागली. कोस्टा रिकात ही व्यवस्था अपूर्व होती. गावाकडील त्या प्रवेशद्वारी देणगीची प्रथा टिकून राहिली.

९/ आता त्या विटा. स्थानिक तरुण पाणबुड्यांचा एक गट प्रवाळासोबतच बुडालेल्या जहाजांचाही अभ्यास करू लागला. २०२३ मध्ये डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी तेथील विटा आणि लाकडाचे नमुने घेतले. लाकूड १६९० च्या दशकात तोडलेल्या ओकचे निघाले. विटा तेव्हा डॅनिश अमलाखाली असलेल्या फ्लेन्सबर्ग परिसरातील.

१०/ ‘फ्रिडेरिकस क्वार्टस’ आणि ‘ख्रिस्तियानस क्विंटस’ ही ती दोन डॅनिश गुलामवाहू जहाजे. आफ्रिकेहून सेंट थॉमस बेटाकडे निघालेली ही जहाजे वाट चुकून १७१० मध्ये येथे पोहोचली. अन्न संपत आले, खलाशांनी बंड केले. सहाशेहून अधिक आफ्रिकी बंदिवान किनाऱ्यावर उतरवले गेले. एक जहाज जाळण्यात आले. दुसरे नांगराचा दोर तोडल्याने लाटांत फुटले.

११/ उतरलेल्यांपैकी अनेकांना स्पॅनिश वसाहतवाल्यांनी पकडून कोकोच्या मळ्यांत पुन्हा गुलाम केले. उरलेल्यांची पावले अरण्यात विरून गेली.

१२/ म्हणजे आफ्रिकी माणसांचे पाऊल या किनाऱ्यावर स्मिथच्या ११८ वर्षे आधीच पडले होते. कागदपत्रे डेन्मार्कच्या दप्तरांत होती. जागेचा पुरावा मात्र प्रवाळाने राखला. काहुइताचा समुद्र गाळाने भरला किंवा लुटला गेला, तर केवळ मासे आणि कासवे नष्ट होणार नाहीत. ज्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत, त्या माणसांची येथील अखेरची खूणही पुसली जाईल.

(समाप्त)