कंपनीच्या सर्व्हरची स्टोरेज सुट्टीच्या दिवशीच का वाढवतात?

'शनिवारी रात्री सर्व्हर बंद राहील, कृपया आपलं काम आधीच सेव्ह करा.' ऑफिसात काम करणाऱ्यांना असा मेल कधी ना कधी येतोच. फोनमध्ये मेमरी कार्ड टाकायला एक मिनिट पुरतं, मग सर्व्हरची जागा वाढवायला अख्खी रात्र कशाला?

चालू फायली हा पहिला अडथळा

दिवसा सर्व्हरवर एकाच वेळी अनेकजण काम करत असतात. अकाउंट्सवाले बिलं टाकतात, कुणी एक्सेल उघडून बसलेलं असतं. अशा वेळी डेटा कॉपी केला, तर फाईलचा अर्धा भाग बदलाआधीचा आणि अर्धा नंतरचा येऊ शकतो. म्हणून शेवटची कॉपी सगळे बाहेर पडल्यावरच घेतात.

एका रात्रीत मावत नाही

समजा १० टीबी डेटा हलवायचा आहे. १ गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी वेग मिळतो. म्हणजे सगळी कॉपी व्हायला सुमारे २५ तास हवेत! म्हणून बराचसा डेटा आधीच्या काही दिवसांत हळूहळू कॉपी करून ठेवतात. ठरलेल्या रात्री मधल्या काळात बदललेल्या फायलीच तेवढ्या हलवतात.

डिस्क बदलताना खरा धोका

बऱ्याच सर्व्हरमध्ये 'रेड' नावाच्या पद्धतीने अनेक डिस्क एकत्र काम करतात. 'रेड ५' प्रकारात एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचतो. त्यामुळे एकेक जुनी डिस्क काढून मोठी डिस्क बसवता येते. पण एक काढली की ते संरक्षण संपतं. नव्या डिस्कवर डेटा पुन्हा तयार व्हायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, तर सगळंच जातं. म्हणून आधी बॅकअप घेतात आणि त्यातल्या काही फायली परत उघडून बघतात. न तपासलेल्या बॅकअपचा भरवसा नसतो.

टोयोटाचे कारखाने थांबले तेव्हा

२७ ऑगस्ट २०२३, रविवार. जपानमध्ये टोयोटाच्या सुट्या भागांच्या ऑर्डर सांभाळणाऱ्या सर्व्हरवर नेहमीचं देखभालीचं काम झालं. डेटाबेसमधला साठलेला डेटा काढून नीट लावताना डिस्कवरची जागा अपुरी पडली आणि सिस्टम थांबली. पर्यायी व्यवस्थाही त्याच सिस्टमवर चालत असल्याने तीही बंद पडली. परिणामी जपानमधले १४ कारखाने ठप्प झाले. २९ ऑगस्टला डेटा जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर हलवला आणि दुसऱ्या दिवशी उत्पादन सुरू झालं.

सुट्टीचा दिवस निवडूनही काम फसू शकतं, ते असं. सुट्टीमुळे लोकांची गैरसोय टळते, पण डेटा वाचतो तो वेगळ्या जागी ठेवलेल्या बॅकअपमुळे.

मागे फिरण्याची वेळ

म्हणूनच अनुभवी टीम काम सुरू करण्याआधीच माघारीची वेळ ठरवते. ऑफिस सकाळी ९ वाजता उघडणार आणि जुनी व्यवस्था परत लावायला ६ तास लागणार असतील, तर पहाटे ३ च्या आत निर्णय घ्यावाच लागतो. 'अजून थोडा वेळ बघू' म्हणत ती वेळ गेली, की सकाळी सगळे कर्मचारी ताटकळत बसतात. काम जमलं, तरी जुन्या डिस्क काही दिवस न पुसता जपून ठेवतात.

तुम्ही काय करायचं?

असा मेल आला, तर सगळ्या फायली सेव्ह करून बंद करा आणि लॉग-आऊट करा. कामावर परतल्यावर आपल्या महत्त्वाच्या फायली लगेच उघडून पाहा. काही बिनसलं असेल, तर आयटी विभागाला तेव्हाच सांगा. दोन दिवसांनी सांगितलं, तर जुन्या डिस्कवर परत जाताना त्या दोन दिवसांत सगळ्यांनी केलेलं काम पणाला लागतं.