मोटारगाडीच्या चाकांचे पृष्ठलेपन

मोटारगाडीच्या चाकाचा धातू हवा, पाणी व मीठ यांपासून सुरक्षित राहावा आणि चाकास इष्ट रंग व चकाकी यावी, म्हणून त्याच्या पृष्ठभागावर रंग, रोगण, धातू किंवा रेझीन यांचा थर देतात. या क्रियेस चाकाचे पृष्ठलेपन म्हणतात. ग्राहकाच्या नजरेत शोभा प्रथम भरत असली, तरी या तंत्राच्या इतिहासातील महत्त्वाचे बदल बहुतांशी गंजाच्या प्रतिकारासाठी घडून आले आहेत. कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेच्या प्रदेशात लेपाची खरी कसोटी लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील (कणकवली तालुका) तळेरे हे या दृष्टीने लक्षणीय ठिकाण आहे. मुंबई–गोवा महामार्गावरील या गावी पश्चिमेकडून विजयदुर्गचा आणि पूर्वेकडून कोल्हापूर–गगनबावडा–वैभववाडी असा रस्ता येऊन मिळतो. पहिल्या रस्त्याच्या गाड्या सागरी हवेतील मीठ घेऊन येतात, तर दुसऱ्या रस्त्याच्या गाड्या करूळ घाटाच्या लांब उतारावर तापलेल्या ब्रेकची धूळ चाकांवर घेऊन उतरतात. त्यात वर्षाकाठी सरासरी ३०० सेंमी.हून अधिक पाऊस. चाकाच्या लेपाचे तिन्ही शत्रू येथे एकत्र येतात.

इतिहास : बैलगाडीच्या चाकाचे तुंबा व आरे लाकडाचे असून परिघावर लोखंडी धाव तापवून बसवीत. तेथे मुख्य प्रश्न लाकूड भिजण्या-सुकण्याचा व किडण्याचा होता. धाव रस्त्यावर सतत घासली जात असल्याने तिला लेपाचा उपयोग नव्हता. मुंबईत १८९८ मध्ये मोटारगाड्या आल्या. आरंभीच्या अनेक मोटारींची चाकेही लाकडी आऱ्यांची होती. त्यांवर तैलरंग व व्हार्निश यांचे थर कुंचल्याने देत आणि प्रत्येक थर सुकण्यास फार वेळ लागे.

इंग्लंडमध्ये जोसेफ सँकी यांच्या कारखान्यात १९०८ च्या सुमारास दाबून घडविलेली पोलादी चाके तयार होऊ लागली. पोलादामुळे गंजाचा प्रश्न पुढे आला. त्याचे एक उत्तर त्यापूर्वीच मिळालेले होते. टॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये फॉस्फेट लेपनाचे एकस्व घेतले. या क्रियेत पोलादावर फॉस्फेटाचा स्फटिकमय थर बसतो. तो रंगास घट्ट धरून ठेवतो व रंगाखाली गंज पसरू देत नाही. १९२३ नंतर लवकर सुकणारी नायट्रोसेल्युलोज लॅकरे मोटारींसाठी वापरात आली आणि रंगकामास लागणारा काळ पुष्कळच घटला.

याच दशकात क्रोमियमाचे विद्युत् विलेपन व्यापारी प्रमाणावर सुरू झाले. क्रोमियमाचा शोभेचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो व त्यात सूक्ष्म भेगा असतात. खरे संरक्षण त्याच्या खालचा निकेलाचा थर करतो. तो थर सच्छिद्र राहिला, तर खारे पाणी पोलादापर्यंत पोहोचते, आतून गंज फुगतो व वरचा चकचकीत पापुद्रा सुटतो. या विलेपनाची झळ कामगारांनाही लागली. क्रोमिक अम्लाच्या टाक्यांवरील तुषारांतील षट्‌संयुजी क्रोमियमाने नाकाच्या पडद्यास छिद्रे पडतात व फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. यूरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवानगीवाचून या अम्लाचा असा वापर करता येत नाही. त्रिसंयुजी क्रोमियमाचा पर्याय पुढे आला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन शोधांनी चाकांचे लेपन पालटले. जर्मनीत एर्व्हीन गेमर यांनी १९५० नंतरच्या दशकात चूर्ण लेपनाची पद्धती विकसित केली. तीत द्रावकाशिवाय रेझिनाचे चूर्ण पृष्ठभागावर बसवून सुमारे १८०°–२००° से. तापमानास वितळवितात. १९६० नंतरच्या दशकात फोर्ड कंपनीने विद्युत् निक्षेपण प्रचारात आणले. यात चाक पाणीमिश्रित रंगाच्या टाकीत बुडवून विद्युत् प्रवाह सोडतात. त्यामुळे पोलादी चाकाची तबकडी व कड यांच्या जोडाच्या फटींतही रंग पोहोचतो. तबकडीस ऋणाग्र करण्याची सुधारित पद्धती १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली. तीत धातू विरघळत नसल्याने लेप अधिक टिकाऊ होतो.

ॲल्युमिनियमाची ओतीव चाके १९२४ च्या बुगाटी टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीने प्रसिद्धीस आणली. ॲल्युमिनियमावर आपोआप ऑक्साइडाचा संरक्षक थर बनतो; परंतु मिठातील क्लोराइड तो ठिकठिकाणी भेदते व तेथे खळगे पडतात. यंत्रावर कापून चकचकीत केलेल्या चाकावर केवळ पारदर्शक थर असतो. खड्याने त्याला टवका उडाला, की थराखाली केसासारख्या रेषांनी क्षरण पसरत जाते.

निवड : किनारी प्रदेशात पोलादी चाकास फॉस्फेट, विद्युत् निक्षेपित अस्तर व वरचा रंग हा क्रम स्वस्त आणि भरवशाचा ठरतो. मिश्रधातूच्या चाकास चूर्णाचा रंगीत थर व त्यावर पारदर्शक थर असावा. कापीव चकाकीचे व क्रोमियम विलेपित चाक दिसण्यास सरस असले, तरी खाऱ्या हवेत त्याची निगा अधिक ठेवावी लागते. जुने ॲल्युमिनियमाचे चाक पुन्हा रंगविताना भट्टीचे तापमान व काळ मर्यादित ठेवावा. अति तापविल्यास उष्णता संस्करणाने आलेले बळ घटते.

निगा : ब्रेकच्या धुळीत लोहाचे तप्त कण व रेझीन असते. या रेझिनात कित्येकदा काजूच्या टरफलातील तेलापासून केलेला पदार्थ वापरतात; काजू हे सिंधुदुर्गाचे प्रमुख पीक असल्याने ही गोष्ट उल्लेखनीय आहे. लोहकण लेपात रुतून तेथेच गंजतात व तांबूस ठिपके उमटतात. म्हणून घाट उतरल्यावर चाक पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे. तीव्र अल्काने उघडे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. हायड्रोफ्ल्युओरिक अम्लयुक्त द्रव चाक उजळवितात, पण त्वचेतून शरीरात भिनून प्राणघातक ठरू शकतात. उडालेला टवका पावसाळ्यापूर्वी घासून, अस्तर देऊन रंगवावा. चाकाची आतील बाजूही धुणे आवश्यक असते, कारण चिखल व मीठ तेथेच साचून राहते.

टायर बदलताना ज्या कडेवर टायर टेकतो ती तपासावी; तेथील गंजाने ट्यूबविरहित टायरातील हवा हळूहळू निसटते. नट ज्या शंक्वाकार बैठकीवर आवळतात तेथे व तुंब्याला टेकणाऱ्या पृष्ठावर रंगाचा जाड थर मात्र कधीही देऊ नये. तो थर दाबाने व उष्णतेने बसतो, नट सैल होतात आणि गाडी धावत असताना चाक निखळण्याचा धोका संभवतो.